मायनर घे, पण प्रयोगशाळा बघून घे

परभणी
जूनअखेर

प्रिय लेकरा,

तुझा लांबलचक मेसेज सावकाश वाचला. उत्तर फोनवर द्यायचं होतं, पण फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून लिहितेच आहे.

तू लिहितेस, बी.एस्सी.चं मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र पक्कं आहे, मायनरला, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला, जीवशास्त्राकडचा विषय घ्यावा असं मनात आहे, मैत्रिणी सगळ्या कॉम्प्युटर सायन्स भरतायत, आणि बाबा म्हणतात, "लातूरला दोन वर्षं याच विषयापायी गेली, आता पुन्हा तेच कशाला?" माझं मत आधीच सांगून टाकते. घे. पण ज्या विभागात तुला स्वतःच्या हाताने कापायला, रंगवायला, मोजायला मिळेल, तिथलाच घे. नुसती व्याख्यानं ऐकून आणि नोट्स पाठ करून मायनर पुरं होणार असेल, तर त्यापेक्षा कॉम्प्युटर बरा, आणि तसं मी तुझ्या बाबांनाही सांगेन.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, तो डावलू नकोस. बारावीला मी त्यांना शिकवलंय, त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. लातूरच्या नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या) क्लासची फी, खोलीचं भाडं, मेस, आणि शेवटी हातात न आलेली सीट, हे सगळं त्यांनी कपाशीच्या पैशातून भागवलंय. त्यांच्या लेखी जीवशास्त्र म्हणजे तो खर्च आणि त्या निकालाच्या दिवशीचा तुझा चेहरा. ते काळजीपोटी बोलतायत.

नीटमध्ये १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, ७२० पैकी ३६० गुण. अशा परीक्षेला विषय शिकवायचा तर तो पाठच करून घ्यावा लागतो. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. आपल्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या पोरांना त्याने डॉक्टर केलं, हे मी पाहिलंय. पण तिथे तुला जे जीवशास्त्र भेटलं ते चार पर्यायांतल्या एका बरोबर उत्तराचं होतं. त्यात शंकेला जागा नव्हती, कारण शंका काढत बसलं तर पुढचे प्रश्न राहतात. दोन वर्षांत तू ओळन् ओळ पाठ केलीस, पण एक पेशी स्वतः बघितली नाहीस. तू मला हे मागे एकदा सांगितलं होतंस, आणि तेव्हाच मला वाटलं होतं की या मुलीचा हा विषय संपलेला नाही.

मात्र एक गोष्ट स्वतःला खरी खरी विचार. नीट पुन्हा द्यायची वाट उघडी राहावी म्हणून तर हे मायनर नको आहे ना? तसं असेल तर घेऊ नकोस. मायनरचा अभ्यासक्रम नीटच्या तयारीला उपयोगी नाही आणि नीटची घाई मायनरला मारक आहे. दोन्हींत ओढाताण होऊन मेजरही हातचं जाईल. ती वाट बंद झाली हे मनाने मान्य झालं असेल, आणि तरीही चिंचेच्या झाडाखाली उभं राहिल्यावर संध्याकाळी पानं का मिटतात असं वाटत असेल, तर पुढे वाच.

आता खरं प्रॅक्टिकल म्हणजे काय ते सांगते. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन तुला आकृतीसकट पाठ आहे. प्रयोगशाळेत ते असं होतं. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं पाण्यात उतरतात. सकाळच्या वेळी टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात टाकायचे. मग ॲसिटोकार्माइन या तांबड्या रंगाच्या थेंबांत जरासं हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून, त्यात ते टोक स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. टोक काचपट्टीवर घेतलं, वर कव्हरस्लिप ठेवली, तिच्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभर सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि काचपट्टी वाया जाते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी सगळा तांबूस गोंधळच दिसतो. बहुतेक पेशी विभाजनात नसतातच, हे पुस्तकातल्या चित्रावरून कधी कळत नाही, कारण चित्रकाराने निवडून निवडून पेशी काढलेल्या असतात. मग फिरवता फिरवता एक पेशी सापडते, जिच्या मधोमध गर्द काड्या, म्हणजे गुणसूत्रं, ओळीने उभ्या आहेत. कांद्यात १६ गुणसूत्रं असतात हे तुला माहीत आहे. आता मोज. मोजता येणार नाहीत, निदान पहिल्या काही वेळा तरी नाही, कारण ती एकमेकांवर पडलेली असतात.

आणि नेमकं इथे तुझं संख्याशास्त्र कामाला येतं. या प्रॅक्टिकलमध्ये एकूण पेशींपैकी किती विभाजनात आहेत याचं प्रमाण काढायचं असतं. एकाच काचपट्टीवर बाकावरच्या दोन मुली मोजायला बसल्या की दोन वेगळे आकडे येतात. पुष्कळदा मोजणीत चूक कोणाचीच नसते. केंद्रकातला धागा जाड व्हायला लागला की प्रोफेज, म्हणजे विभाजनाचा पहिला टप्पा, सुरू झाला असं एक म्हणते. दुसरी म्हणते, गुणसूत्रं सुटी दिसायला लागल्याशिवाय मी मोजणार नाही. सीमा कुठे आखायची हे मोजण्याआधी ठरलं नाही, तर पुढची सगळी गणितं पोकळ. संख्याशास्त्राच्या वर्गात आकडे फळ्यावर तयार मिळतात. ते कुणाच्या तरी डोळ्यांतून आलेले असतात, आणि त्या डोळ्यांनी काहीतरी निवडलेलं असतं, हे अंगात मुरायला असं एखादं प्रॅक्टिकल हवंच. माझ्या मते तुझ्या मायनरचं अर्धं मोल एवढ्यातच आहे.

उरलेलं अर्धं तुमच्या रानात आहे.

यंदाही तुमच्या मानवतच्या शेतात कपाशी असणारच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुलाबी बोंडअळीची पाहणी सुरू होईल. कृषी खात्याचा सल्ला तुझ्या बाबांना तोंडपाठ असेल: रानात फिरून २० हिरवी बोंडं तोडायची, फोडून बघायची, दोन बोंडांत अळी किंवा नुकसान आढळलं तर १० टक्के झाले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, फवारणीचा विचार करा. कामगंध सापळ्याचंही तसंच, एका सापळ्यात रोज या अळीचे आठ पतंग सलग तीन रात्री सापडले तर सावध व्हा. आता हे तू संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या नजरेने बघ. २० पैकी २ बोंडं किडली तर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं प्रमाण ज्या मर्यादांत असावं तो पट्टा, किती येतो? साधारण १ टक्क्यापासून ३२ टक्क्यांपर्यंत. एवढ्या ऐसपैस अंदाजावर शेतकरी फवारणीचा खर्च करायचा की नाही हे ठरवतो. सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला शंभर बोंडं फोडत बसायला वेळ नसतो आणि फोडलेलं प्रत्येक बोंड कापसातून वजा होतं. सोपा नियम हवा म्हणूनच तो तसा ठरलाय.

पण इंटरव्हल काढून तू थांबलीस, तर तू अर्धंच बघितलंस. तुझ्या सूत्राने धरून चाललंय की एक बोंड दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे. तसं नसतं. गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग बांधावर पडलेला असेल तर पतंग तिथून निघतात, जिनिंग जवळ असेल तर तिकडून येतात, त्यामुळे रानाचा एक कोपरा किडलेला आणि दुसरा स्वच्छ असं होतं. वीसच्या वीस बोंडं आखाड्याजवळच्या दोन ओळींतून तोडली तर आकडा काहीच्या काही येईल. सापळ्यातला आकडाही नीट वाचायला हवा: त्यातला गंध मादीच्या गंधाची नक्कल असते, त्यामुळे सापळ्यात सापडतात ते नर. अंडी घालणाऱ्या माद्या किती, हे सापळा थेट सांगतच नाही. आणि बोंड वरून बघून भागत नाही, कारण अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि तिचं छिद्र मागून बुजून जातं. बाहेरून टवटवीत दिसणारं बोंड बोटांनी दाबून फोडलं की आत पाकळीत डागाळलेला कापूस, पोखरलेली सरकी आणि तिच्यापाशी गुलाबी पट्ट्यांची अळी. नमुना कुठून घ्यायचा, किती घ्यायचा, काय मोजायचं, हे तीनही प्रश्न संख्याशास्त्राचे आहेत, आणि तिन्हींची उत्तरं त्या अळीच्या आयुष्यक्रमात आहेत.

अजून एक पायरी आत जाऊ. बोंडअळीला मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची बीजी-टू २००६ मध्ये आली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडअळीने काय केलं ते तुमच्या घरात कुणाला सांगायला नको. कारणं अनेक होती. फरदड ठेवल्यामुळे, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवल्यामुळे, अळीला हिवाळाभर खायला मिळालं. बांधाभोवती लावायच्या साध्या कपाशीची पाकिटं बहुतेकांनी लावलीच नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्ती नसलेले पतंग जोडीदार म्हणून उरले नाहीत. पण एक कारण असं आहे जे तुला अकरावी-बारावीच्या धड्यातून थेट कळेल. आपली बीटी कपाशी संकरित आहे. बहुतेक संकरांत विषाची जनुकं एकाच पालकाकडून आलेली असतात, म्हणजे झाडात प्रत्येक जनुकाची एकच प्रत. त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिच्यात जनुकं पुन्हा वेगवेगळी वाटली जातात. कशी? ९:३:३:१. सरासरी सोळा सरक्यांपैकी नवांत दोन्ही विषं, तिघींत एकच, तिघींत दुसरंच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी सरकीवरच जगते. एकाच बोंडात तिला कडक, मवाळ आणि बिनविषारी असं सगळं खाणं मिळतं, आणि विषाला पुरून उरणाऱ्या अळ्यांची पैदास व्हायला अशीच परिस्थिती लागते. मेंडेलचं ते गुणोत्तर तू वाटाण्याच्या दाण्यांवर पाठ केलंस आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळा केलास. ते तुझ्या बाबांच्या बोंडाबोंडात होतं.

मेंडेलचं नाव निघालं म्हणून सांगते. तो व्हिएन्नात भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आला होता. त्याच्या आधीही लोकांनी झाडांचे संकर केले होते, पण पिढ्यान् पिढ्या मोजून गुणोत्तर काढायची सवय त्याने त्या शिक्षणातून आणली. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला, आणि पुढे १९०० पर्यंत त्याचं महत्त्व कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर याने मेंडेलचे आकडे काय-वर्गाच्या (काय-स्क्वेअर) कसोटीवर, म्हणजे आकडे अपेक्षेशी किती जुळतात ते तपासायच्या कसोटीवर, घासून पाहिले आणि म्हटलं, हे आकडे अपेक्षेच्या इतके जवळ आहेत की निव्वळ योगायोगाने असं होणं कठीण. तो वाद पुढे कित्येक दशकं चालला. बारावीला तुला मेंडेल शिकवला, बी.एस्सी.ला काय-वर्ग शिकवतील, पण दोन्ही शेजारी ठेवून कुणी दाखवणार नाही. ते तुलाच करावं लागेल.

हाच फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रावर नोकरीला लागला. तुझ्या मेजरमध्ये पुढे ॲनालिसिस ऑफ व्हेरिअन्स आणि रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन (प्रयोग आखायच्या आणि त्यातले फरक तपासायच्या पद्धती) येईल, त्याचा जन्म गहू-बटाट्याच्या शेतातला आहे. आमच्या इथल्या कृषी विद्यापीठात पोरं 'आरबीडी' म्हणून त्याचं नाव दिवसातून दहा वेळा घेतात. प्लॉटची ब्लॉकमध्ये विभागणी का करायची, हे फळ्यावर समजायला अवघड जातं. एकदा उताराच्या काळ्या रानात उभी राहून बघ, वरच्या बाजूला मुरमाड, खाली भारी जमीन, पाऊस ओसरल्यावर कुठे ओल टिकते आणि कुठे भेगा पडतात. ब्लॉक उताराला आडवे का आखतात, हे तुझं तुलाच सुचेल. भेंडीचं 'परभणी क्रांती' हे वाण असंच भेंडीचा तिच्या रानटी नातलगाशी संकर करून, पिवळ्या शिरांच्या विषाणूला दाद न देणारी झाडं निवडत निवडत तयार झालं. कुठलं झाड ठेवायचं हे ओळखायला रोग जाणणारी नजर लागते आणि तो फरक खरा की योगायोग हे ठरवायला तुझं शास्त्र.

आता कामाचं बोलू. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत 'जीवशास्त्र' असा विभागच नसतो. वनस्पतिशास्त्र असतं, प्राणिशास्त्र असतं, कुठे सूक्ष्मजीवशास्त्र, कुठे मत्स्यशास्त्र, कुठे जैवतंत्रज्ञान. तू सगळ्याचं थोडं थोडं घ्यायचा विचार करतेयस असं मेसेजवरून वाटलं. तसं करू नकोस. एक दार निवड आणि आत जा. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून माझा कल तिकडे असणार हे धरूनच ऐक: कपाशी, तूर, तण, पाऊस यांत ज्याला रस आहे त्याला वनस्पतिशास्त्रात आनुवंशिकी आणि परिस्थितिकी दोन्ही हाताशी मिळतात, आणि महागडी उपकरणं नसली तरी काम अडत नाही. पण तुमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा विभाग जास्त जिवंत असेल तर खुशाल तिकडे जा. जैवतंत्रज्ञान ऐकायला भारदस्त वाटतं, मात्र डीएनएच्या प्रती करणारं पीसीआरचं यंत्र कपाटात असेल आणि रसायनांना पैसे नसतील तर तो विषयही फळ्यावरच राहतो. नावापेक्षा विभाग बघ.

विभाग कसा बघायचा, तर प्रॅक्टिकलच्या वेळी जा. सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे की बोटांचे ठसे आहेत ते बघ. काचपट्ट्या मुलं स्वतः करतात की जुन्या कायमच्या पट्ट्याच फिरवतात, ते विचार. सीनियरचं प्रॅक्टिकलचं जर्नल मागून घे. सगळ्यांच्या जर्नलात हुबेहूब तीच आकृती आणि तोच आकडा असेल, तर काय चालतं ते समज. एखादीचा आकडा वेगळा असेल, शेजारी 'काचपट्टी नीट झाली नाही' असं लिहिलेलं असेल आणि त्याखाली सरांची सही असेल, तर ती जागा चांगली. प्रयोगशाळा परिचराशीही बोल. कुठली फुलं कुठून आणायची, कांदा कधी लावायचा, हे त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक असतं. माझ्या नोकरीच्या काळात विभागाची खरी कळ मला तिथेच सापडली.

वेळेचा हिशेब तू स्वतःच मांडशील, पण तो मांडच. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातल्या आराखड्यात मायनरला १८ ते २० क्रेडिट आहेत. व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. समज तुझ्या मायनरमध्ये आठ क्रेडिट प्रॅक्टिकलची असली, तर ते २४० तास झाले, शिवाय जर्नल घरी. कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणी चारला घरी जातील तेव्हा तू कधीकधी साडेपाचपर्यंत उभी असशील, आणि मानवतची शेवटची सोयीची गाडी कुठली हेही बघावं लागेल. म्हणून मेजरच्या तासांशी प्रॅक्टिकल आदळतं का हे वेळापत्रकातच तपास. बऱ्याच मुलांचं मायनर या एका कारणाने कोमेजतं, आणि त्यात विषयाचा काही दोष नसतो. एखादा सिद्धांताचा पेपर सरकारच्या 'स्वयम्' संकेतस्थळावरून ऑनलाइन करायची सोय विद्यापीठाने दिली असेल तर तो तसा कर, क्रेडिट तुझ्या खात्यात जमा होतील. प्रॅक्टिकल मात्र कधीही ऑनलाइन करू नकोस.

आणि फील्ड प्रोजेक्टचा मोका साध. मेजरच्या प्रोजेक्टसाठी कुठून तरी डाउनलोड केलेला आकड्यांचा तक्ता घेऊन बसू नकोस. तुमच्याच शेतात बोंडं मोज, किंवा कॉलेजच्या मोकळ्या रानात एक मीटर चौरसाची चौकट टाकून गाजरगवत मोज. नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे, बदनापूरला कडधान्यांचं आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन गेलीस आणि 'मला आकडे हाताळता येतात' असं सांगितलंस, तर कुणीतरी नक्की बसवून घेईल. शेतावर आकडे गोळा करणारे पुष्कळ असतात, त्यांचं पुढे नीट काय करायचं हे सांगणारं माणूस त्यांना हवंच असतं.

नोकरीचं म्हणशील तर खोटी आशा दाखवणार नाही. मायनरच्या जोरावर एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळेलच असं गृहीत धरू नकोस. प्रत्येक विद्यापीठाची पात्रतेची अट वेगळी असते, ती माहितीपत्रकात स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. पण तुझी खरी ओढ संख्याशास्त्र न सोडता जीवशास्त्रात काम करण्याची असेल, तर जैवसंख्याशास्त्र आहे, जैवमाहितीशास्त्र आहे, पीकपैदाशीतलं आणि रोगप्रसाराचं विश्लेषण आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत संख्याशास्त्राचा पेपर आहे तसाच परिस्थितिकी आणि उत्क्रांतीचाही आहे. वेंकी रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राचे वर्ग केले, आणि पुढे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. तुला वाट बदलायची असली तरी ती विसाव्या वर्षी बंद होत नाही, एवढ्यासाठीच त्यांचं नाव घेतलं.

कॉम्प्युटरबद्दल मैत्रिणींचं म्हणणं चुकीचं नाही. तुला कोडिंग आलंच पाहिजे, त्याशिवाय आजचं संख्याशास्त्र लंगडं आहे. पण आकडेमोडीची संगणकभाषा 'आर' फुकट मिळते, पायथन फुकट मिळतं, आणि दोन्ही तुला खोलीत बसून, रात्री, लॅपटॉपवर शिकता येतील. मेजरमध्येही थोडंफार येईलच. सूक्ष्मदर्शक, रंग, तज्ज्ञ नजरेचे गुरुजी आणि सोबत मोजणारी बॅच तुला खोलीत मिळणार नाही. जे फक्त कॉलेजात मिळतं ते कॉलेजात घे. हे मी मैत्रिणींना सांगून बघ असं म्हणत नाही, त्यांची गणितं वेगळी असतील. तुझं सांगतेय.

एक लहानशी सवय मात्र आजपासूनच लाव, विषय कुठलाही ठरो. एक वही कर आणि तिच्यात रानातलं टिपत जा: तारीख, जागा, काय दिसलं, किती. झाडाचं आईच्या तोंडचं नावही लिही आणि शास्त्रीय नावही शोधून लिही. आकृती पेन्सिलीनेच काढ, फोटो काढला तरीही काढ, कारण काढताना पानाच्या शिरा किती आणि कुठे फुटतात हे बघावंच लागतं, फोटो काढताना ते सुटतं. इंग्रजी पाठ्यपुस्तकाला घाबरू नकोस. वाक्यं सोपी असतात, संज्ञाच तेवढ्या अवघड, आणि त्या तर तुला लातूरने दिल्याच आहेत.

बाबांशी मी बोलेन, पण आधी तू बोल. त्यांना मायनर, क्रेडिट असलं काही सांगत बसू नकोस. बोंड मोजायचा विषय काढ, २० बोंडांवरचा अंदाज किती ढोबळ असतो ते सांग, आणि यंदा रानाच्या चारही कोपऱ्यांतून नमुना घेऊ म्हण. त्यांना पटेल, ते विचार करणारे शेतकरी आहेत. फीचा प्रश्न असेल तर मायनर कुठलंही घेतलं तरी पदवीची फी फारशी बदलणार नाही, प्रयोगशाळेचं शुल्क तेवढं कार्यालयात विचारून ठेव.

सोमवारी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र दोन्ही विभागांत जाऊन ये, प्रॅक्टिकल चालू असतानाच. वेळापत्रकाचा आणि अभ्यासक्रमाचा फोटो मला पाठव, प्रॅक्टिकलची क्रेडिट किती ते वेगळं लिही. दोन्ही बघून आपण ठरवू आणि मगच फॉर्म भर.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
मॅडम